तांबेऱ्याला आवतण

फैजपूर, सावदा आणि रावेर या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात ज्याचे आयुष्य गेले आहे, त्याच्या मनात शेती या शब्दाबरोबर प्रथम केळीची बाग उभी राहते. केळीच्या फळात पेरण्याजोगे बी नसते. पूर्वी कंद लावून आणि अलीकडे ऊतिसंवर्धनाची रोपे आणून आपण जी बाग उभी करतो, तिच्यातील हजारो झाडे ही वास्तविक एकाच झाडाची पुनरावृत्ती असतात. त्यामुळे करपा आला की तो अमुक झाडाला धरील आणि तमुक झाडाला सोडील अशी आशा बागाईतदाराला ठेवता येत नाही. निवड करावयाची तर प्रथम भेद असावा लागतो, आणि जेथे सर्वच सारखे तेथे निवडणार काय? याउलट कोरडवाहू काळ्या जमिनीत कापूस, ज्वारी आणि तूर यांच्या शेजारी ज्याने गेल्या काही दशकांत आपली जागा केली, ते सोयाबीन बियांपासून वाढणारे, पूर्वेकडील देशांत हजारो वर्षे नांदलेले आणि म्हणूनच नाना स्वभावांचे वाण पोटात बाळगणारे पीक आहे. या वाणांच्या गर्दीतून तांबेरा या रोगाला न जुमानणारे वाण हुडकून काढण्याचे जे काम महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला कृष्णाकाठी चालते, त्याची हकीकत तापीकाठच्या वाचकासमोर मांडावी अशी आमची इच्छा आहे. कारण ते काम आपल्या शिवारापासून दूर असले तरी त्याचे फळ बियाण्याच्या पिशवीतून आपल्या घरापर्यंत येते.

तांबेरा हा शब्द आपल्या भाषेने रोगाच्या रंगावरून घेतला आहे. गव्हावर येतो त्याला कोणी गेरवा म्हणतात, सोयाबीन आणि भुईमुगावर येतो त्याला तांबेराच म्हणतात. तांबे काय किंवा गेरू काय, दोन्ही नावे रोगट पानाला बोट लागताच बोटावर उतरणाऱ्या त्या विटकरी भुकटीचीच साक्ष देतात. सोयाबीनवरील तांबेरा फकोप्सोरा पॅकीरायझी नावाच्या बुरशीमुळे होतो. १९०२ मध्ये जपानात हा रोग प्रथम नोंदला गेला, आणि तैवानातून आलेल्या ज्या नमुन्यावरून १९१४ मध्ये या बुरशीचे नामकरण झाले तो नमुना पॅकीरायझस या कंद देणाऱ्या वेलाच्या पानांचा होता. म्हणून सोयाबीनच्या या शत्रूच्या नावात सोयाबीनचा मागमूसही नाही. शेंगवर्गातील कितीतरी वनस्पतींवर ही बुरशी जगू शकते, मात्र ती जिवंत पानावरच जगते. पान मेले की तिचा अंमल संपला. हे एवढे एक सत्य ध्यानात ठेवले म्हणजे तिच्या पुढील सर्व वर्तनाचा उलगडा होतो.

वाऱ्यावरून आलेला बीजाणू पानावर पडतो. गव्हाच्या तांबेऱ्याचे अशा प्रकारचे बीजाणू पानाच्या श्वासरंध्राची वाट शोधीत बसतात, परंतु सोयाबीनच्या तांबेऱ्याला दाराची गरज वाटत नाही. तो पानाची वरची त्वचा सरळ भेदून आत शिरतो. त्यासाठी त्याला पानावर काही तास टिकून राहणारा ओलावा आणि वीस ते पंचवीस अंशांच्या आसपासची सौम्य हवा एवढेच लागते. आत शिरल्यापासून आठवडा-दीड आठवड्यात पानाच्या खालच्या बाजूस टाचणीच्या टोकाएवढे फोड उठतात आणि त्यांतून नवे बीजाणू बाहेर पडू लागतात, ते पुढे दोन-तीन आठवडे पडतच राहतात. प्रारंभ जमिनीलगतच्या पानांपासून होतो, कारण तेथे सावली असते आणि दव उशिरापर्यंत सुकत नाही. पीक फुलोऱ्यातून शेंगांत जात असताना रोग वर चढतो, पाने पिवळी पडून गळतात, आणि ज्या पानांनी दाणे भरावयाचे तीच निघून गेल्यामुळे शेंगा झाडावर राहूनही दाणा पोचट राहतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने या रोगाचे क्रौर्य येथे आहे: पेरणी, डवरणी, फवारणी असा सारा खर्च होऊन गेल्यानंतर, पीक आता पदरात पडले असे वाटावे त्या क्षणी तो येतो.

हिंदुस्थानात हा रोग पन्नासच्या दशकातच नोंदला गेला होता, सत्तरच्या दशकात तराईतील पंतनगरच्या परिसरात त्याने त्रास दिला होता. परंतु महाराष्ट्राला त्याचा खरा तडाखा १९९४ च्या सुमारास बसला, जेव्हा सांगली, कोल्हापूर आणि सीमेपलीकडील बेळगाव या कृष्णाखोऱ्यातील जिल्ह्यांत त्याची साथ पसरली. योगायोग असा की जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेला जेएस ३३५ हा वाण त्याच वर्षी प्रसारित झाला. भरघोस उत्पन्न देणारा, वेळेवर येणारा, सर्वत्र जुळवून घेणारा असा हा वाण पुढे मध्य हिंदुस्थानातील सोयाबीनचा जणू पर्यायशब्द झाला, आणि तांबेऱ्यापुढे मात्र तो सर्वस्वी निराधार होता. एकाच वाणाने लक्षावधी एकर व्यापले म्हणजे बियांचे पीकही केळीच्या बागेसारखेच होते, हे तेव्हापासून कृष्णाकाठचा शेतकरी पुरते शिकला आहे.

सांगलीपासून जवळच, मिरज तालुक्यात, कृष्णेच्या काठी कसबे डिग्रज नावाचे गाव आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र तेथे आहे. तेथून नदीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की बेळगाव जिल्ह्यात उगार खुर्द लागते. तेथे धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाच्या सोयाबीनच्या चाचण्या होतात. ही दोन्ही ठिकाणे तांबेऱ्याची माहेरघरे आहेत. भाद्रपदातील ढगाळ हवा, नदीकाठचे दाट दव, रात्रीचा गारवा आणि भोवती अखंड पसरलेले सोयाबीन या सर्वांमुळे येथे रोग येईल की नाही हा प्रश्नच उरत नाही, तो येतोच. आणि नेमके याच कारणासाठी देशभरातील संशोधक आपापले वाण येथे परीक्षेला पाठवितात. निरोगी शेतातील हिरवेगार पान प्रतिकारशक्तीविषयी काहीच सांगत नाही. ते एवढेच सांगते की रोग येथवर पोहोचला नाही. शूर कोण हे शांततेच्या काळात ओळखता येत नाही, तद्वत प्रतिकारक वाण रोगाच्या गैरहजेरीत ओळखता येत नाही. म्हणून परीक्षेचा पहिला शिरस्ता असा की रोगाला आवतण द्यावयाचे.

हे आवतण देण्याची रीत मोठी पद्धतशीर आहे. परीक्षेतील प्रत्येक वाणाची लहानशी ओळ पेरतात; दर काही ओळींमागे एक ओळ, आणि शेताच्या सभोवती काही ओळी, जेएस ३३५ सारख्या रोगाला सहज बळी पडणाऱ्या वाणाच्या असतात. या ओळींनी आधी आजारी पडावयाचे आणि आपला आजार शेजाऱ्यांना सारखा वाटावयाचा, एवढेच त्यांचे कर्तव्य. निसर्गावर भरवसा ठेवणे पुरेसे वाटले नाही तर रोगट पाने पाण्यात धुऊन, बीजाणूंनी गढूळ झालेले ते पाणी सायंकाळी पिकावर फवारतात, म्हणजे रात्रीच्या दवात बीजाणूंना रुजण्यास अवधी मिळतो. आयुष्यभर रोगावर औषध फवारण्याची सवय असलेल्या शेतकऱ्याने हे दृश्य पाहिले तर तो क्षणभर थबकेल; पण शंभर वाणांना सारखीच संधी आणि सारखेच संकट मिळाले नाही तर त्यांची तुलना न्याय्य होणार नाही, आणि एखादी ओळ निव्वळ दैवाने वाचली असेल तर तिला पराक्रमाचे श्रेय देऊन आपण पुढच्या दहा वर्षांची दिशाभूल करून घेऊ. परीक्षेच्या शेवटी जेएस ३३५ च्या ओळी जर नखशिखान्त करपलेल्या नसतील तर त्या वर्षीचे सारे निकाल रद्दबातल समजावेत, इतके या ओळींचे महत्त्व आहे.

दाणे भरण्याच्या सुमारास निरीक्षक वही घेऊन शेतात उतरतो. तो पान उलटतो, कारण वरून पाहणाऱ्याला हा रोग उशिरा दिसतो, आणि पानाचा किती भाग फोडांनी व्यापला आहे याचा अंदाज घेऊन शून्य ते नऊ या मापावर त्याला अंक देतो. हे माप आपल्याच राज्यातील आहे, ही गोष्ट आम्हांला मुद्दाम सांगावीशी वाटते. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठातील मायी आणि दातार या रोगशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये रोगमापनावर जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तिच्यातील हे माप आजही सोयाबीनच्या तांबेऱ्यावरील हिंदुस्थानी शोधनिबंधांत सर्रास आढळते. पानावर एकही फोड नाही तर शून्य. शेकडा एक भागापर्यंत रोग असेल तर एक. दहा भागांपर्यंत तीन, पंचवीसपर्यंत पाच, पन्नासपर्यंत सात, आणि त्यापलीकडे नऊ. जुन्या महसुली दप्तरातील आणेवारीशी परिचित असलेल्या वाचकाला ही रीत सहज उमजेल: डोळ्यांचा अंदाजच, परंतु सर्वांनी एकाच शिस्तीने बांधलेला.

अंकाइतकेच महत्त्व डागाच्या रंगाला आहे. रोगाला शरण जाणाऱ्या पानावरील डाग फिकट तपकिरी असतो आणि त्यात फोडांची व बीजाणूंची रेलचेल असते. प्रतिकारक पानावरील डाग गडद, लालसर तपकिरी असतो आणि त्यात बीजाणू जवळजवळ नसतात. प्रथमदर्शनी हा गडद डागच अधिक भयंकर वाटतो, पण तो झाडाच्या विजयाची खूण आहे. बुरशी पेशीत शिरताच प्रतिकारक झाड तिला ओळखते आणि तिच्या भोवतालच्या आपल्या पेशी आपण होऊन मारून टाकते. जिवंत पेशीवाचून बुरशीला अन्न नाही, त्यामुळे ती जागच्या जागी उपाशी मरते. सातपुड्याच्या जंगलात वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्यापूर्वी गवताचा एक पट्टा आधीच जाळून जाळरेषा काढतात. झाडाने आपल्या पानात काढलेली ही जाळरेषाच होय.

हे ओळखण्याचे सामर्थ्य झाडाला कोठून येते? ते आईबापांकडून येते, विशिष्ट जनुकांच्या रूपाने. सोयाबीनमध्ये अशा जनुकांची सात स्थाने आजवर प्रसिद्ध झाली असून त्यांना आरपीपी १ ते आरपीपी ७ अशी नावे आहेत. त्यांतील तिसरे ज्या वाणात प्रथम सापडले तो अंकुर हा हिंदुस्थानी वाण होता. परंतु जनुक ज्या झाडात सापडते ते झाड बहुधा शेतकऱ्याच्या उपयोगाचे नसते. कृष्णाकाठच्या परीक्षांत ईसी २४१७८० हे परदेशी बियाणे तांबेऱ्यापुढे खंबीर राहिले. ईसी ही अक्षरे परदेशातून मागविलेल्या बियाण्याच्या सरकारी नोंदणीची आहेत. म्हणजे ज्या झाडाने पुढे एवढी कामगिरी बजावली त्याला आपल्याकडे नावही नव्हते, केवळ दप्तरी क्रमांक होता. अशा अनाम पाहुण्याचा जेएस ३३५ शी संकर करून धारवाडच्या संशोधकांनी डीएसबी २१ हा वाण सिद्ध केला. कसबे डिग्रजच्या केंद्रानेही याच ध्येयाने पिढ्यान्‌पिढ्या निवड चालविली आणि फुले अग्रणी, फुले संगम, फुले किमया हे वाण दिले. बियाण्याच्या पिशवीवर त्यांच्या नावापुढे केडीएस ३४४, केडीएस ७२६, केडीएस ७५३ असे जे क्रमांक असतात, त्यांतील पहिली दोन अक्षरे कसबे डिग्रजची आहेत. संगम आणि किमया पेरणाऱ्या खानदेशी शेतकऱ्याने त्या गावाचे नाव नकळत का होईना, आपल्या शेतात आणले आहे.

संकर हा शब्द लिहिण्यास सोपा, काम मात्र अत्यंत नाजूक. सोयाबीनचे फूल उमलण्यापूर्वीच स्वतःचे परागण आटोपून घेते. म्हणून कळी मिटलेली असतानाच चिमट्याने तिचे पुंकेसर काढावे लागतात आणि दुसऱ्या झाडाचा पराग आणून लावावा लागतो. अशा कित्येक कळ्या गळून पडतात तेव्हा एखादी शेंग धरते. त्या मूठभर दाण्यांची पुढची पिढी वाढविली की गुणांची फाटाफूट दिसू लागते: प्रतिकार एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून असेल तर चारांतील तीन झाडे प्रतिकारक आणि एक रोगग्रस्त, हा मेंडेलने वाटाण्यात पाहिलेला हिशेब येथेही दिसतो. नंतर पाच-सहा पिढ्या निवड करीत, दर पिढीला रोगाच्या तोंडी देत, गुण स्थिर करावे लागतात. त्यापुढे ठिकठिकाणच्या चाचण्या. पहिल्या कळीपासून शेतकऱ्याच्या हाती पिशवी पडेपर्यंत दहा-बारा वर्षे सहज जातात.

या परीक्षेत फसगतीच्या जागाही आहेत. नव्वद दिवसांत तयार होणारा हळवा वाण रोग जोर धरण्यापूर्वीच आपला संसार आवरून मोकळा होतो. त्याच्या पानांवर फोड दिसले नाहीत तर तो प्रतिकारक ठरत नाही, केवळ वेळेवर निसटलेला ठरतो. शेतकऱ्याला हे निसटणेही पुष्कळदा पुरते, परंतु संशोधकाने या दोहोंची गल्लत केली तर पुढच्या संकराचा पायाच चुकतो. म्हणून सारख्या मुदतीच्या वाणांचीच तुलना करावी लागते. आणखी एक जात सोशिक वाणांची: पानांवर रोग दिसतो, तरी दाणा भरतो. ते ओळखण्यासाठी एक तुकडा बुरशीनाशकाने रक्षिलेला आणि दुसरा रोगाच्या हवाली केलेला असे शेजारी ठेवून दोहोंचे उत्पन्न तोलावे लागते. आमचे मत विचाराल तर कोरडवाहू शेतकऱ्याला या सोशिकतेचे मोल शून्य अंकाच्या दिमाखापेक्षा कमी नाही.

हा सारा विषय जळगाव जिल्ह्याला परका आहे असे मात्र कोणी समजू नये. तांबेऱ्याचा धडा आपण भुईमुगात अगोदरच घेतला आहे. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने ईसी ९४९४३ या तैवानहून आलेल्या बियाण्यातून निवड करून जेएल २४ हा वाण सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दिला. जेएल म्हणजे जळगावच. फुले प्रगती या नावाने प्रसिद्ध झालेला हा हळवा, उपट्या वाण देशभर गेला, आफ्रिकेतील मलावीत तो काकोमा या नावाने रुजला. परंतु याच भुईमुगाला तांबेरा आणि टिक्का या पानांवरील रोगांपुढे उभे राहण्याची ताकद नव्हती. भुईमुगाचा तांबेरा निराळ्या बुरशीचा, पक्सिनिया अॅरॅकिडिसचा, आणि तो दक्षिण अमेरिकेतून १९७० च्या आसपास आपल्याकडे फैलावला. म्हणजे जळगावचा उत्तम वाण आणि त्याचा वैरी साधारण एकाच काळात हिंदुस्थानात पाय रोवीत होते. पुढे हैदराबादजवळील पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने धारवाडच्या जीपीबीडी ४ या वाणातील प्रतिकाराचा गुणसूत्रावरील तुकडा हेरून, पिढ्यांच्या संकराने तो जेएल २४ मध्ये उतरविला. त्या कामाचा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो तुकडा मुळात बोलिव्हियातील एका रानटी भुईमुगाचा आहे. येथे प्रत्येक पिढीत रोगाची वाट पाहत बसावे लागले नाही. कोवळ्या रोपाच्या पानाचा कण प्रयोगशाळेत तपासून तुकडा आला की नाही हे कळत होते. तथापि अखेरची कसोटी शेतातच, रोगाच्या सहवासातच द्यावी लागली, हे विसरता कामा नये.

एवढे करूनही काम संपत नाही, कारण बुरशीही बदलते. २००१ मध्ये सोयाबीनचा तांबेरा दक्षिण अमेरिकेत पोहोचला आणि आपल्या अंकुरात सापडलेले तिसरे जनुक, त्याचप्रमाणे पहिलेही, ब्राझीलमध्ये थोड्याच वर्षांत निष्प्रभ झाले. या बुरशीच्या जनुकसंचाचा संपूर्ण वृत्तांत २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तिच्या आनुवंशिक द्रव्याचा सुमारे ९३ टक्के भाग जागा बदलणाऱ्या तुकड्यांचा आहे असे दिसून आले. असा शत्रू एका कुलपाने कायमचा बंद होणार नाही. म्हणून एकाच वाणात दोन-तीन जनुके एकत्र आणण्याचा प्रयत्न चालतो, आणि इतर वनस्पतींकडेही मदत मागितली जाते. २०१६ मध्ये तुरीतील एक जनुक सोयाबीनमध्ये घालून तांबेऱ्याला रोखता येते असे दाखविण्यात आले. ज्या तुरीला आपण सोयाबीनच्या ओळींत आंतरपीक म्हणून शेजार देतो, तिच्याच अंगी हे औषध होते! ब्राझीलने आणखी एक उपाय केला: २००६ पासून तेथील काही राज्यांत वर्षातील ठराविक काळ शेतात सोयाबीनचे एकही जिवंत झाड ठेवावयाचे नाही असा सक्तीचा बंदोबस्त आहे, कारण बुरशीला एका हंगामातून दुसऱ्यात जाण्यास जिवंत पानांचा पूल लागतो.

या पुलाविषयी आपणही सावध असले पाहिजे. ऑक्टोबरचे कडक ऊन आणि कोरडी हवा यांमुळे खानदेशात तांबेऱ्याला कृष्णाकाठासारखे बस्तान आजवर मिळालेले नाही. परंतु बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीन घेण्याची प्रथा राज्यात वाढली आहे, आणि पाटपाण्याखालील हिरवे सोयाबीन चैत्र-वैशाखात उभे असणे हे बुरशीच्या दृष्टीने पूल असणेच आहे. आपल्या शेतातील वाण स्वच्छ राहिला म्हणून तो प्रतिकारक, हा निष्कर्ष येथे काढता येत नाही. ती साक्ष कसबे डिग्रज आणि उगारच्या वहीतूनच मागवावी लागते, आणि वाण निवडताना ती मागावी.

तेव्हा सोयाबीन पेरणाऱ्या वाचकाला आमची एवढीच विनंती आहे. भाद्रपदात, दाणे भरू लागले म्हणजे, सकाळी शेतात जाऊन जमिनीलगतची पाच-पंचवीस पाने उलटून पाहावीत. खालच्या बाजूस तपकिरी फोड दिसले आणि बोट फिरविताच भुकटी लागली, तर ती पाने वर्तमानपत्राच्या कागदात घडी करून, त्यावर गावाचे नाव, वाणाचे नाव आणि पेरणीची तारीख लिहून, रावेर तालुक्यातील पाल येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या गावच्या कृषी सहायकाकडे त्याच दिवशी पोहोचती करावीत.